कुटुंबाची वृत्ती की शाळेवरील खर्च? : शैक्षणिक संपादणुकीच्या कारणमीमांसेतील एका जुन्या वादाची तपासणी

प्रस्तावना

शिक्षण हे सामाजिक परिवर्तनाचे साधन आहे याविषयी आज कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते हे साधन अनेकांच्या बाबतीत निष्प्रभ का ठरते याविषयी. चौथी-पाचवीपर्यंत पोहोचूनही मुलाला सलग वाचता येत नसेल, तर त्याचा दोष कोणाकडे जातो? शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'पालकच उदासीन आहेत' असे मिळते, तर संस्थाचालकांच्या सभेत 'अनुदानच पुरेसे नाही' असे. दोन्ही उत्तरे देणारी माणसे आपापल्या अनुभवाला धरूनच बोलत असतात. तथापि या उत्तरांचे परिणाम फार वेगळे आहेत. अपयशाचे मूळ कुटुंबाच्या वृत्तीत आहे असे मानले की शासनाच्या तिजोरीवरील भार हलका होतो. मूळ केवळ निधीच्या अभावात आहे असे मानले की वर्गात प्रत्यक्ष काय चालते, हा प्रश्न बाजूला पडतो. म्हणूनच हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. प्रस्तुत लेखात या वादाचा अमेरिकेतील उगम, त्यावर झालेली टीका आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, अनुभव यांचा विचार केला आहे. 'पालकांची वृत्ती' म्हणून जे मोजले जाते त्यात ऐपतीचा आणि सोयीचा वाटा फार मोठा असतो, आणि पैशाचा परिणाम तो कशावर खर्च होतो यावर ठरतो, अशी लेखाची भूमिका आहे.

कोलमन अहवाल आणि त्याचे वाचन

अमेरिकेत १९६४ साली संमत झालेल्या नागरी हक्क कायद्यात शैक्षणिक संधींच्या विषमतेची पाहणी करण्याची तरतूद होती. त्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळा, ६ लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि ६० हजारांच्या आसपास शिक्षक यांची पाहणी झाली आणि जुलै १९६६ मध्ये ७०० हून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांच्या शाळांना पैसा, इमारती आणि पुस्तके कमी मिळतात, म्हणून त्यांची मुले मागे पडतात, असा निष्कर्ष निघेल अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात शाळाशाळांतील सुविधांचा फरक अपेक्षेपेक्षा कमी आढळला. विद्यार्थ्यांच्या गुणांतील तफावतीचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी आणि वर्गमित्रांच्या पार्श्वभूमीशी अधिक असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षाचे सार्वजनिक चर्चेत 'शाळेमुळे काही फरक पडत नाही' असे सुलभीकरण झाले. अहवालात तसे म्हटलेले नाही. अल्पसंख्य गटांतील विद्यार्थ्यांवर शाळेच्या दर्जाचा परिणाम श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होतो, ही त्याच अहवालातील नोंद पुढे फारशी कोणी उद्धृत केली नाही. ज्या मुलाला घरातून कमी मिळते त्याचे शाळेवर अवलंबून असणे अधिक, हा त्या नोंदीचा अर्थ होय.

१९६८ मध्ये सॅम्युअल बोल्स आणि हेन्री लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी अहवालाच्या पद्धतीवर जे आक्षेप घेतले, ते समजून घेणे आजही उपयुक्त आहे. पहिला आक्षेप मापनाचा होता. प्रत्येक शाळेवर प्रत्यक्ष किती खर्च झाला हे न पाहता संपूर्ण शालेय जिल्ह्याची सरासरी त्यातील सर्व शाळांना लावण्यात आली होती. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. सधन कुटुंबे आणि चांगल्या शाळा बहुधा एकाच ठिकाणी आढळतात. अशा वेळी गुणांतील तफावतीचा बराचसा भाग दोहोंचा सामायिक असतो. विश्लेषणात कौटुंबिक पार्श्वभूमी आधी मोजली तर हा सामायिक भाग तिच्या खात्यात जमा होतो आणि शाळेच्या वाट्याला केवळ उरलेले येते. क्रम उलटा केला तर शाळेचे वजन वाढते.

याला आणखी एक बाजू आहे. एखाद्या कालव्याच्या लाभक्षेत्रात सर्व शेतांना जवळपास सारखेच पाणी मिळत असेल, तर तेथील उत्पन्नातील फरक जमिनीच्या पोतामुळे पडलेला दिसेल. त्यावरून पिकाला पाण्याची गरज नाही असा निष्कर्ष कोणताही शेतकरी काढणार नाही. जे घटक सर्वत्र सारखे असतात त्यांचे महत्त्व तुलनात्मक आकडेवारीत दिसत नाही. तफावतीचे स्पष्टीकरण आणि परिणामाचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुर्दैवाने शिक्षणविषयक चर्चेत त्या वारंवार एकच मानल्या जातात.

इंग्लंडमध्ये १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्लाउडन समितीच्या अहवालात पालकांच्या वृत्तीचा प्रश्न अधिक थेटपणे तपासण्यात आला. घरची परिस्थिती, शाळेची स्थिती आणि पालकांची वृत्ती या तिहींत वृत्तीचा संबंध मुलांच्या प्रगतीशी सर्वांत अधिक आढळला. परंतु यावरून समितीने शाळांवरील खर्च कमी करण्याची शिफारस केली नाही. उलट, वृत्ती बदलू शकते आणि शाळा ती बदलण्यास हातभार लावू शकते, असे तिने मानले आणि मागास वस्त्यांना 'शैक्षणिक अग्रक्रम क्षेत्र' ठरवून तेथे अधिक साधने द्यावीत असे सुचविले. एकाच प्रकारच्या पुराव्यावरून दोन देशांत दोन भिन्न राजकीय अर्थ काढले गेले, ही बाब लक्षणीय आहे.

एजवूड : इच्छा आणि ऐपत यांतील अंतर

कुटुंबाची किंवा समाजाची शिक्षणविषयक इच्छा मोजायची कशी? टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराच्या एका खटल्यात याचे एक वेगळेच माप मिळते. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. या शहरातील एजवूड हा शालेय जिल्हा प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांचा, तर आलामो हाइट्स हा सधनांचा. मे १९६८ मध्ये एजवूड हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्ग सोडून निदर्शने केली आणि त्यानंतर डेमेट्रिओ रॉड्रिग्ज व इतर पालकांनी न्यायालयात धाव घेतली.

न्यायालयापुढे १९६७-६८ या वर्षाचे जे आकडे आले ते असे. एजवूडच्या रहिवाशांनी मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यावर १.०५ डॉलर इतका कर स्वतःवर लावून घेतला होता. त्या महानगर परिसरातील तो सर्वांत चढा दर होता. त्यातून दर विद्यार्थ्यामागे मिळाले केवळ २६ डॉलर. आलामो हाइट्सने ०.८५ डॉलर दर लावला आणि त्यांना दर विद्यार्थ्यामागे ३३३ डॉलर मिळाले. राज्य व केंद्र यांचे साहाय्य धरूनही एजवूडचा एकूण खर्च ३५६ डॉलर, तर आलामो हाइट्सचा ५९४ डॉलर होता. शिक्षणासाठी स्वतःला तोशीस लावून घेण्याची तयारी ही वृत्तीची कसोटी मानली, तर एजवूडचे पालक सधनांच्या पुढे होते. त्यांच्या घरांना किंमत नव्हती, एवढाच त्यांचा उणेपणा.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मताधिक्याने हा दावा फेटाळला. खर्च आणि शिक्षणाचा दर्जा यांचा संबंध तज्ज्ञांमध्येच वादग्रस्त आहे, हा मुद्दा बहुमताच्या निर्णयपत्रात येतो. कोलमन अहवालाने सुरू झालेला वाद अशा रीतीने गरीब पालकांच्या मागणीविरुद्ध उभा राहिला. (पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे एजवूडच्या बाजूने एकमताने निर्णय दिला, परंतु रॉड्रिग्ज यांच्या मुलांचे शालेय वय तोवर कधीच सरले होते.)

पैशाने फरक पडतो का?

१९८० च्या दशकात एरिक हानुशेक यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन खर्च आणि संपादणूक यांत सातत्यपूर्ण संबंध आढळत नाही असे प्रतिपादन केले. या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. नंतरच्या काळात मात्र पद्धती सुधारल्या. न्यायालयांच्या आदेशांमुळे ज्या भागांत शालेय खर्च अचानक वाढला, तेथील मुलांची प्रौढपणापर्यंतची वाटचाल किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी तपासली. १२ वर्षांच्या संपूर्ण शालेय काळात दर विद्यार्थ्यामागील खर्च १० टक्क्यांनी अधिक राहिल्यास शिक्षणाची वर्षे सुमारे ०.३ ने आणि पुढील वेतन सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, तसेच हा परिणाम गरीब कुटुंबांतील मुलांबाबत अधिक असतो, असे त्यांच्या २०१६ च्या निबंधात दिसते.

याचा अर्थ पैसा कसाही ओतला तरी चालतो असा नाही. इंडोनेशियात शिक्षकांचे वेतन प्रमाणपत्राच्या आधारे दुप्पट करण्यात आले. त्यामुळे शिक्षकांचे समाधान वाढले, परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत फरक पडला नाही. शालेय अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा वाटा वेतनाचा असतो हे लक्षात घेतल्यास या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. शिक्षकाला पुरेसे वेतन मिळाले पाहिजे, हे योग्यच. पण ते दिले म्हणजे वर्गातील अध्यापन आपोआप बदलते हे गृहीतक टिकत नाही.

भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावण्यात मोठा धोका आहे. स्टीफन हाइनमन आणि विल्यम लॉक्सली यांनी १९८३ मध्ये २९ देशांच्या आकडेवारीवरून दाखविले की देश जितका गरीब, तितका शाळेचा व शिक्षकाच्या दर्जाचा प्रभाव कौटुंबिक पार्श्वभूमीच्या तुलनेत अधिक. जेथे शाळाशाळांतील अंतर एक छप्पर, एक फळा किंवा एक हजर शिक्षक इतके मूलभूत असते, तेथे असे आढळणे स्वाभाविक आहे.

भारतीय पालक उदासीन आहेत या समजुतीला १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालाने धक्का दिला. उत्तर भारतातील शैक्षणिकदृष्ट्या मागास राज्यांतील खेड्यांमध्ये केलेल्या या पाहणीत मुलग्याचे शिक्षण महत्त्वाचे मानणारे पालक ९८ टक्के, तर मुलीचे शिक्षण महत्त्वाचे मानणारे ८९ टक्के आढळले. मुलगा-मुलगी यांतील हा ९ टक्क्यांचा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही बहुसंख्य पालकांना शिक्षण नको आहे, हे म्हणणे यापुढे पुराव्याशिवायचे ठरते. २०२२ च्या 'असर' पाहणीनुसार बिहारच्या ग्रामीण भागात ७० टक्क्यांच्या आसपास शाळकरी मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. देशातील सर्वांत गरीब राज्यांपैकी एका राज्याची ही स्थिती आहे.

आंध्र प्रदेशातील एका प्रयोगाने या वादाला अगदी वेगळे वळण दिले. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शाळांना विद्यार्थ्यांच्या साहित्यासाठी अनुदान देण्यात आले. पहिल्या वर्षी अनुदान अनपेक्षित होते आणि मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे पालकांना ठाऊक होते, आणि गुणांत वाढ झाली नाही. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा उलगडा केला : शाळा वह्या-पुस्तके देणार हे कळताच कुटुंबांनी त्यावरील आपला खर्च कमी केला. हे वर्तन अनास्थेचे नाही. काटकसरीने संसार करणारे कोणतेही घर असेच वागेल, आणि वाचलेला पैसा तेल-मिठाला लावील. येथे कुटुंब आणि निधी हे एका तराजूची दोन पारडी असल्यासारखे दिसतात. एकात घातले की दुसऱ्यातले काढले जाते. यातून धोरणासाठी एक सूत्र मिळते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कुटुंब स्वतः जे विकत घेऊ शकते त्यावर खर्च केल्यास शासन कुटुंबाला साहाय्य करते, आणि तेही काही वाईट नाही. परंतु शिक्षण वाढवायचे असेल तर कुटुंब जे कोणत्याही किमतीला एकट्याने घेऊ शकत नाही, उदाहरणार्थ जवळची शाळा, नियमित शिक्षक, सुरक्षित रस्ता, मागे पडलेल्या मुलाकडे पाहणारे माणूस, यांवर खर्च झाला पाहिजे.

यातील शेवटच्या बाबीचे उदाहरण मुंबई आणि वडोदरा येथील 'बालसखी' उपक्रमात सापडते. 'प्रथम' संस्थेच्या या उपक्रमात महापालिका शाळांतील तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी दररोज सुमारे दोन तास वेगळे बसवून प्राथमिक वाचन व अंकज्ञान शिकवीत असे. तिचे मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये होते. २००१ ते २००३ या काळातील मूल्यमापनात या शाळांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसली. उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात या फरकाचा बराच भाग ओसरला, हेही नोंदविले पाहिजे. याच मुलांचे पालक तेच होते, घरे तीच होती. बदलली होती ती फक्त शाळेतील दोन तासांची व्यवस्था.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

या प्रश्नाची चर्चा मराठी प्रदेशाला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात निधी आणि कुटुंब या दोहोंचा विचार एकत्रच आढळतो. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारणही त्यांनी सांगितले : त्यांना गुरे राखावी लागतात, शेत सांभाळावे लागते. म्हणून केवळ शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्ती व बक्षिसे द्यावीत आणि प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले. अनास्थेचा आरोप न करता अनुपस्थितीची कारणे शोधण्याची ही रीत आजच्या अनेक अहवालांपेक्षा अधिक शास्त्रीय आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद सर्वांना परिचित आहे. तिचा उल्लेख होतो, तेव्हा तिच्या मागेपुढे असलेला खर्च मात्र अनेकदा विसरला जातो. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहत होती, आणि शिक्षणाचा भार दरबाराने उचलला होता. पालकाला दंड करण्याचा नैतिक अधिकार राज्याला केव्हा प्राप्त होतो, याचे हे उदाहरण होय.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न याच मालिकेतील आहे. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल पती-पत्नीच्या जोडीवर, म्हणजे एका 'कोयत्या'वर, दिलेली असते. ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. मुले सोबत जातात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि शाळेचे अर्धे वर्ष बुडते. या पालकांना शिक्षण नको असते काय? गावातच मुलांच्या जेवणाची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या योजनेने याचे व्यवहारातले उत्तर दिले आहे : आजीआजोबांकडे मूल राहिले आणि दोन वेळच्या जेवणाची खात्री मिळाली, की अनेक आईवडील मुलाला मागे ठेवण्यास तयार होतात. मात्र हे वसतिगृह टोळी गावातून निघण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. महिनाभर उशिरा आलेला तोच पैसा वाया जातो, कारण तोवर मूल फडावर पोहोचलेले असते.

याउलट उदाहरण उपस्थिती भत्त्याचे. वंचित घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी राज्याने १९९२ पासून दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. त्या काळी त्या रुपयाला काही अर्थ होता. पुढील तीन दशकांत किमती कितीतरी पटींनी वाढल्या, भत्ता मात्र होता तेथेच राहिला. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकल देण्याच्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी दाखविले. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. मुलींविषयीची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते असे आपण म्हणतो. ती एका सायकलीने पूर्णतः बदलली नसेल, पण तिच्यातला काही भाग अंतराची भीती हाच होता, हे त्यातून उघड झाले.

लहान शाळांचा प्रश्न

या सर्व विवेचनाची निकड महाराष्ट्रात पटसंख्येच्या प्रश्नामुळे जाणवते. २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे शासनाने जाहीर केले. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' विकसित करण्याबाबत प्रस्ताव मागविण्यात आले. एका शिक्षकाने चार इयत्ता एकत्र शिकविण्यापेक्षा मोठ्या शाळेत पुरेसे शिक्षक, ग्रंथालय व क्रीडांगण मिळणे मुलांच्या हिताचे आहे, हा त्यामागील युक्तिवाद पोकळ नाही. परंतु अशा निर्णयात जो खर्च शासनाच्या खात्यातून कमी होतो, त्याचा काही भाग कुटुंबाच्या खात्यात जातो : मुलाला सोडण्या-आणण्यासाठी बुडणारी मजुरी, पावसाळ्यातील ओढा, गाडीची वाट पाहण्यातला वेळ. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असे मानले आहे, ते याच कारणाने. डोंगराळ तालुक्यातील वाडीवर ही शाळा बंद झाल्यानंतर तिसरीतील मुलगी गैरहजर राहू लागली, तर पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात ती कोणत्या कारणाखाली नोंदविली जाईल, हे सांगणे अवघड नाही.

म्हणून समूह शाळेच्या प्रत्येक प्रस्तावासोबत वाहनाचा व सोबत जाणाऱ्या मदतनीसाचा वार्षिक खर्च, जून ते सप्टेंबरमधील रस्त्याची स्थिती, आणि शाळा हलविण्यापूर्वीच्या व नंतरच्या दोन वर्षांची मुलामुलींची स्वतंत्र उपस्थिती यांची नोंद बंधनकारक असावी. ही माहिती मुख्याध्यापकांच्या हजेरीपटांत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात उपलब्ध असते. ती गोळा करण्यास नव्या पाहणीची आवश्यकता नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी आपल्या तालुक्यातील अशा दोन-चार शाळा निवडून हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हाती घेता येईल.